मऊ जमीन

सळई जमिनीत गेली ती शिऱ्यात चमचा जावा तशी. अमिता दचकली. तिनं मुठींवर धड भारसुद्धा दिला नव्हता. मुठींच्या मधल्या तबकडीवरचा काटा जेमतेम हलला आणि हिरव्या भागातच लोळत पडला. हिरवा म्हणजे जमीन भुसभुशीत, मुळं खुशाल खाली जातील.

"झालं? लिहा मग," निलय म्हणाला. "जमीन दाबली गेलेली नाही."

अमिता जयपूरच्या माती प्रयोगशाळेतली, निलय रस्त्याच्या ठेकेदाराचा इंजिनियर. ती सांगलीची, तो अकोल्याचा, त्यामुळे भांडण तेवढं घरच्या भाषेत चालायचं. चौमूच्या पलीकडच्या या शेतातल्या पट्ट्यातून ठेकेदाराचे डंपर उन्हाळाभर मुरूम वाहत होते. जमीन दबून दबून पार फरशी झाली. पावसात पाणी वरच तुंबलं आणि गवार पिवळी पडून गेली. आता मोहरी पेरायची वेळ आली होती. खालचा कडक थर फोडला नाही तर तिचीही मुळं आडवी वळणार. तो फोडायला ठेकेदाराचाच खोल नांगर हवा, गावातल्या ट्रॅक्टरांचं ते काम नव्हे. नांगर रस्त्यावर ट्रेलरवर चढवलेला होता, इंजिन चालू. काटा लाल भागात गेला तर तो शेतात उतरणार. नाहीतर चालला पुढच्या कामाला, मग परत कुठला यायला.

मोजणीला यायची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी काटा लालच्याही पलीकडे गेला होता. पण निलयनं फाटे फोडले, की कोरडी ठणठणीत जमीन कुठलीही कडकच लागणार, डंपर न गेलेल्या जागेशी ताडून बघा. तेवढ्यात सळईच वाकली आणि ते राहून गेलं.

शेत नाथीबाईचं. ती बांधावर बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मराठी तिला ओ की ठो कळत नव्हतं.

अमिता सळई उचलून बांधाजवळ गेली. इथं डंपर कधी फिरकलेच नव्हते. तिनं जोर लावला. काटा सरसर चढत लाल भागाच्या कडेला टेकला.

"म्हणजे आमच्या डंपरनी जमीन मऊच केली म्हणायची," निलय हसला. "आभार माना की आमचे."

असलं हसणं अमिताच्या डोक्यात जायचं. ती तरातरा पट्ट्यात परत आली, गुडघ्यावर बसली आणि खुरप्यानं उकरू लागली. वरची माती उन्हानं वाळून भुरभुरीत झालेली. वीतभर खाली हाताला गार लागलं. तिनं मूठभर माती दाबली. बोटांतून पाणी आलं.

पाणी पाजलं की दबलेली जमीनही तेवढ्यापुरती मऊ लागते. वाळली की पुन्हा फरशी.

"पट्ट्याला पाणी सोडलंत तुम्ही," ती उठत म्हणाली. "फक्त पट्ट्याला. बांधाजवळ टिपूस नाही. कुणाला फसवताय?"

निलयचा चेहरा पडला. "काहीतरीच काय, मॅडम. सकाळी जयपुरात, राजा पार्कला तुम्हाला घ्यायला मीच आलो होतो ना?"

"मग तुमच्या माणसांनी सोडलं असेल. कलम आठवतंय ना? मोजणीआधी जमिनीला ज्यानं हात लावला, त्याची बाजू गेली. मग काटा काही का दाखवेना."

हे कलम मोजणीच्या करारात तिनंच हट्टानं घालून घेतलं होतं. ठेकेदार लोकांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"मान्य," निलय म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "पण शब्दाला जागा. विचारा कुणालाही. माझ्यासमोर विचारा."

अमिता तावातावानं बांधाकडे वळली आणि हिंदीत विचारलं, या पट्ट्याला पाणी कुणी सोडलं? तिला खात्रीच होती. नाथीबाई ठेकेदाराच्या मुकादमाचं नाव घेणार, कटकट संपणार, नांगर उतरणार.

नाथीबाईचा चेहरा खुलला. एकदाचं कुणीतरी विचारलं म्हणून ती ओढणी सावरत उठली.

"मी सोडलं."

निलयनं अमिताकडे पाहिलं. मग त्यानं ट्रेलरकडे हात केला आणि ड्रायव्हरनं गिअर टाकला. अमिताला भयंकर राग आला, नाथीबाईचा, स्वतःचा, त्या मेल्या कलमाचा. ट्रेलर हलला तसा तो वळून आत येईल या हिशेबानं नाथीबाईनं वाट मोकळी करून दिली. तो सरळ निघून गेला. ती त्याच्याकडे नवलानं बघत राहिली.

"पण का सोडलंत, काकी?" अमितानं विचारलं.

नाथीबाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तळवे उताणे करून निरखून पाहिले.

"गेल्या खेपेला ती सळई दाबताना हे सगळे सोलून निघाले होते, बेटा. लेकीच्या हातांचे परत तसेच हाल होऊ द्यायचे होय?"