सातवा कागद

"तो काय म्हणतोय ते फोनलाच विचारा ना," फोरमन म्हणाला.

मालकांनी खाली वाकून फोन पुढे धरला. घडी मशीनखाली उताणा पडलेला परदेशी मेकॅनिक काहीतरी पुटपुटला. फोनने क्षणभर विचार केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सशाला आंघोळ घाला."

कोणी हसलं नाही. मशीन बंद पडून तिसरा दिवस होता. शाळेची चाळीस हजार पुस्तकं सोमवारी द्यायची होती. दुभाष्या तापाने अंथरुणाला खिळलेला, मेकॅनिकचं विमान संध्याकाळी सहाला, आणि दुसऱ्या एका छापखान्याचा माणूस कालपासून गिऱ्हाइकाच्या दारात ठाण मांडून बसलेला.

मावशी मशीनच्या तोंडाशी उभी होती. नऊ वर्षं ती इथेच उभी राहून घडी होऊन येणारे कागद उचलत आली होती. मशीनला कुठे दुखतंय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तिला विचारतो कोण? मेकॅनिक सकाळपासून उजवीकडचे स्क्रू काढत होता आणि दुखणं होतं डावीकडे. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

तो पुन्हा पुटपुटला. या वेळी मावशीने कान टवकारले. त्यातले दोन शब्द तिला कळले होते. एक 'अंधार' आणि एक 'मार्ग'.

कोपऱ्यावरच्या प्रार्थनाघरात त्याच्याच देशाच्या साध्वी राहायच्या. दर रविवारी मावशी त्यांच्यात बसून त्यांची पदं गायची. प्रत्येक पदात अंधार असायचा आणि अंधारातून जाणारा मार्गही. अर्थ साध्वी समजावून सांगायच्या. पण ती भाषा बोलून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. देवाशी बोलायची भाषा, मशीनवाल्याशी चालेल?

तिने एप्रनला हात पुसले, खाली वाकली आणि आठवतील ते शब्द जोडत सुटली. आपल्या भाषेत सांगायचं, तर ती असं म्हणाली:

"हे परदेशस्थ पांथस्था, मज दीनेची वाणी ऐक!"

मशीनखाली डोकं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ तेलाचे फराटे ओढलेला चेहरा बाहेर आला. मेकॅनिकने तिच्याकडे बघितलं, आणि तो असा काही खदखदून हसला की हातातला पाना खाली पडला.

मावशीचा चेहरा उतरला. "चुकलं वाटतं माझं," ती फोरमनला म्हणाली.

पण मेकॅनिकने घाईघाईने दोन्ही हात हलवले. मग छातीवर हात ठेवून, एकेक शब्द कुठूनतरी खोलातून उपसावा तसा, तो सावकाश बोलला, "हे माते, वद. मी ऐकतो आहे."

मग मावशीला कोण थांबवणार!

"सहा पाने सुखरूप उतरती. सातवे पान डाव्या द्वारापाशी आक्रंदे, आणि मार्गभ्रष्ट होई!" आक्रंदे म्हणजे नेमकं कसं, ते कोणत्याच पदात नव्हतं. तिने तोंडाने आवाज करून दाखवला, "टक्!"

मेकॅनिक ताडकन उठला. डावीकडचं झाकण उघडून त्याने आतला पट्टा हाताने हळूहळू फिरवला. जोडाजवळ नखाएवढा तुकडा सुटून वर आला होता. सात कागदांमागे पट्ट्याचा एक फेरा, आणि दर फेऱ्याला तो तुकडा कागदाला आडवा जायचा.

"मावशी, तुम्ही तिथे फुकटच्या चहासाठी जाता, असं वाटायचं आम्हाला," फोरमन म्हणाला.

"चहाही असतो," मावशी म्हणाली.

नवा पट्टा चढला. मालकांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. बाइंडिंगच्या सगळ्या बायका काम टाकून धावत आल्या आणि मोठ्याने मोजायला लागल्या. "चार! पाच! सहा!" सगळ्या डावीकडे वाकल्या. "सात!" आणि एकच गलका उठला. आठ आणि नऊ कोणाला ऐकूच आले नाहीत. मावशी दोन्ही हातांनी कागद उचलत होती आणि कागद पुरे म्हणत नव्हते.

मालकांनी हात जोडले. "मावशी, अहो, आधी का नाही बोललात?"

"विचारलंत कुठे?"

तेवढ्यात मेकॅनिकने तिच्यापुढे स्वतःचा फोन धरला. "हे माते," तो हसत, अडखळत म्हणाला, "अशी भाषा बोलणारा आमच्या घरी आता एकच उरला आहे. माझा पिता."

पडद्यावर कानटोपी घातलेला एक म्हातारा काहीतरी जेवत होता. मुलाने त्याला भराभर काय ते सांगितलं. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. तो चमचा हातात तसाच धरून मावशीकडे बघत राहिला.

मशीनबद्दलचं सगळं बोलून झालं होतं. मग तिने सरळ पहाटेचं पद सुरू केलं.

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला आणि कानटोपी काढली. दुसरी ओळ त्याने उचलली, फाटक्या पण सुरेल आवाजात. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवत दोघं गायला लागली. बायका ताल धरू लागल्या. मेकॅनिकलाही राहवेना, त्यानेही सूर मिसळला. पण तिसऱ्या ओळीला तो अडकला. तोंड उघडं राहिलं, शब्द येईना. त्याने पडद्याकडे बघितलं. बाप डोळे मिटून गात पुढे निघून गेला होता.

मावशीने हातातले कागद काखेत धरले, आणि वाकून पुढचा शब्द त्याच्या कानात सांगितला.