काचेआडचा बुक्का

दोन वर्षांपूर्वी सुहासिनीबाई गेल्या आणि भालचंद्ररावांच्या घरातली पोथी बंद पडली. रावांना आता बारीक अक्षरं दिसत नव्हती. शेवटी लेकीनं, यशश्रीनं, नवीन जालन्याच्या बाजारातून ई-बुक रीडर आणला. त्यात पोथीची अक्षरं हरभऱ्याएवढी झाली तसे म्हातारबुवा हरखून गेले.

पूर्वी नवराबायको कीर्तनाहून आले, की एकाच पोथीत डोकी घालून वाचत. बाईंचं आधी वाचून व्हायचं. बुक्का लागलेल्या अंगठ्यानं त्या पान उलटायच्या, अन् हे ओरडायचे, “थांब गं, माझं राह्यलंय!” मग त्या हसत पान मागं आणायच्या.

आज दुपारी पोथी पुन्हा सुरू झाली. सहावी ओवी संपायच्या आतच पान उलटलं.

“यशू, हे आपलं आपणच पळून राह्यलं!”

“तुमचं बोट लागलं असंल, बाबा. एवढी जल्दी काय आहे?” स्वयंपाकघरातून लेक हसली.

त्यांनी रीडर पाटावर टेकवून ठेवला आणि हात जोडून वाचायला घेतलं. पान पुन्हा उलटलं.

खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा डाग होता. त्यांनी तो उपरण्यानं घासला, पण उपरणं पांढरंच राहिलं. डाग काचेच्या आतून होता.

बुक्क्याचा वास आला. अंगावर काटा उभा राहिला, तरी भालचंद्ररावांच्या ओठांवर हसू आलं.

“थांब गं,” ते हळूच म्हणाले, “माझं राह्यलंय.”

पान मागं आलं.