कारवानसाठी सायकल

"बाई, कारवान कुत्रं पळण्यासाठीच जन्मतं. रोज दोन-तीन मैल पळालं नाही तर झुरतं. तुमच्या चालण्यानं त्याचं भागायचं नाही." माळावर ही कुत्री पाळणाऱ्या बिरूअण्णांनी पिल्लू परत आईजवळ ठेवलं.

कुमुदताई निवृत्त शिक्षिका, घरात एकट्याच. अण्णांचं म्हणणं त्यांना पटलं, पण एसटीत बसल्यावर डोळे भरून आलेच.

दुसऱ्याच दिवशी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी शेजारणीची सायकल मागून घेतली. गुडघे फुटले, गल्ली हसली, तरी त्या शिकत राहिल्या.

पुढच्या वेताची पिल्लं झाली तेव्हा जतहून आठ मैल सायकल मारत त्या माळावर पोहोचल्या. अण्णांनी थोरली कुत्री मोकळी सोडली. "हिच्यासंगं त्या बाभळीपर्यंत जाऊन या बघू."

ताईंनी पदर खोचला. जाताना कुत्री केव्हाच पुढं निघून गेली, पण परतताना ती सायकलच्या बरोबरीनं पळत होती आणि ताई मोठमोठ्यानं हसत होत्या.

"उचला कुठलंही," अण्णा पिल्लांकडं हात करत म्हणाले.

"कुठलंही नको," धापा टाकत ताई म्हणाल्या, "सगळ्यात जोरात पळणारं द्या!"