खिडकीची जागा

पुण्याची नंबरप्लेट. शाळेच्या व्हॅनमधली खिडकीची जागा. मँगो आईस्क्रीम.

चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या अपार्टमेंटच्या गेटवर मंदारने व्हॅन ड्रायव्हर सेल्वमची कॉलर धरली होती. भोवती पालकांचा घोळका जमला होता.

"अय्यो सार, मी हात नाही लावला! तुमची पोरगी एका लहान पोरीला ढकलून खिडकीत बसली, म्हणून मी तिला फक्त उठवलं."

"मग ही काय उगाच रडतेय?" मंदारने सात वर्षांच्या रेवाला पुढे केलं. "पोटात गुद्दा मारलास तू तिच्या! तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं हे. माझी मुलगी खोटं बोलणार नाही, आमच्या घरचे संस्कार नाहीत तसले."

रेवा पोट धरून हुंदके देत राहिली. तिच्याकडे बघून कुणीतरी सेल्वमच्या थोबाडीत मारली, मग दुसऱ्यानेही हात उचलला. थोड्या वेळाने पोलिसांची जीप त्याला घेऊन गेली. "माझ्या मुलीची शप्पथ, सार," असं तो जीपमधूनही ओरडत होता.

लिफ्टचं दार बंद झालं आणि रेवाचं रडणं थांबलं. तिने फ्रॉकला डोळे पुसले.

"बाबा, त्या दिवसापेक्षा आज छान रडले ना मी? मग आज दोन आईस्क्रीम."



गेल्या रविवारी पुण्याची नंबरप्लेट बघून ट्रॅफिक पोलिसाने गाडी अडवली, तेव्हा "पोट धरून रड, मग मँगो आईस्क्रीम देतो," असं मंदारने मागच्या सीटवरच्या रेवाला सांगितलं होतं.