वीस दिवसांत साठ

औषधांच्या दुकानात ती गिऱ्हाइकांना रोज बजावायची, "गमी म्हणजे जेलीसारखी गोळी, चघळायला सोपी, पण गोड असते. हात थांबत नाही, जपून द्या." सासऱ्यांच्या घशात गोळी अडकते म्हणून तिनेच व्हिटॅमिनच्या गमी घरी नेल्या होत्या. रोज एकच द्यायची, तरी साठांची बाटली वीस दिवसांत संपली होती.

आज तिचं कामात चित्त लागेना. दोनदा औषध भलत्याच खणात ठेवलं, तशी ती तडक घरी आली. नवऱ्याला आणि लेकीला खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. सकाळी नवरा हातावर एक ठेवून पळायचा, दुपारी लेक, संध्याकाळी ती स्वतः. आणि सासरे तिघांनाही सांगायचे, "आज कुणी दिलीच नाही."

"अहो बाबा, जास्त झालं तर बाधतं हे!" सासऱ्यांच्या खोलीत शिरताच ती रडकुंडीला आली.

सासऱ्यांनी उशामागून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत साठच्या साठ गमींचा चिकट गोळा झाला होता.

"एकही खाल्ली नाही गं. गोड मला कुठे आवडतं?

पण ती द्यायला म्हणून तरी तुम्ही खोलीत येता."