खांबावरचं बटण

रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी वायरमनने खांबावर बटण बसवलं, पण सिग्नलला जोडायची तार आलीच नव्हती.

"राहू दे, उद्या उद्घाटन आहे," साहेब म्हणाले. "दाबल्यावर बटणातला दिवा लागतो ना? बास झालं."

घरी लेक सायकल पुसता पुसता मैत्रिणीला सांगत होती, "माझ्या बाबांनी बसवलंय. दाबलं की गाड्या थांबतात!" तिचा हिरमोड करणं त्याच्या जिवावर आलं.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात होती. उजवा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. पोलीस जबाब लिहून घेत होता आणि साहेब उशाशी उभे होते.

"बाबा, मी बटण दाबलं होतं. दिवापण लागला होता."

वायरमनने साहेबांकडे पाहिलं.

"नीट दाबलं नसशील, बाळा," तो म्हणाला.