गिरजाबाईचा घास

पळसाच्या पानावर भाजलेल्या माशाचा तुकडा मुखरूच्या समोर आला. पान धरून ठमाबाई उभी होती. वस्तीत सगळ्यांत म्हातारी, म्हणून आण देण्याचा मान तिचा.

पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात ढिवरांची एकवीस घरं, सगळी तलावावर पोसलेली. तीन वर्षांत तलावातली मरळ दिसेनाशी झाली होती. जाळं टाकावं तर येतो कोण, हा काटेरी पाठीचा तिलापिया! दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खाऊन माजलेला. त्याचं बीज तलावात कुणी सोडलं, हे कुणी कबूल करेना. शेवटी जुना रिवाज निघाला. तोच मासा खाऊन एकेकानं तलावाची आण घ्यायची. ज्याचा दोष निघेल, त्याचं जाळं तलावातून कायमचं बाहेर.

बीज मुखरूनंच आणलं होतं, बायकोच्या माहेराहून. मासा झपाट्यानं वाढतो, सगळा गाव पोटभर खाईल, एवढंच त्याचं शहाणपण. बीजाचं मडकं डोक्यावर घेऊन गिरजाबाई दिवसभर चालली होती. दोघांशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बोल," ठमाबाई म्हणाली.

"माह्या हातानं हे बीज आलं असन, तं हा घास मले बाधो."

मुखरूनं तुकडा गिळला. मेला चवीलाही गोड लागला. माणसं पुढच्याकडे वळली तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

बाप्यांची रांग संपली. ठमाबाईनं नवं पान उचललं. "आता बाया. तलाव का फक्त बाप्यांचाच हाय?"

हे मुखरूच्या ध्यानीमनी नव्हतं. गिरजाबाई रांगेत पहिलीच होती. खोटी आण घेतली की ती घरातल्या लेकराला भोवते, असं मानणारी बाई ती. आणि घरी वच्छलाचं, तिच्या लेकीचं, पाच दिवसांचं बाळ.

तिनं तुकडा घेतला. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माह्या हातानं..." एवढं बोलून ती अडली. तुकडा ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"बोल न वो बाई," कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

ती बोलली तर जन्मभर त्या बाळाला शिंक आली तरी धास्तावणार. नाही बोलली तर वस्तीला सगळं कळलंच. मुखरूला वाटलं, तलावानं आता गिळून टाकावं.

तो उठला. गिरजाबाईच्या बोटांतून त्यानं तुकडा काढून घेतला.

"तिले सोड, ठमाबाई. हा घास बी माहाच हाय."

त्यानं तो सगळ्यांदेखत खाल्ला, आणि तलावाच्या पाळीवर वाळत घातलेलं आपलं जाळं गुंडाळायला लागला.